क्षितिजाला आलेला बाक

तिसऱ्या कॅमेऱ्यातही समोरच्या गोदामाचा कठडा मधोमध खचलेलाच दिसला, तेव्हा मकरंदनं कॅमेरा डोळ्यावरून काढला, खिशातल्या मऊ फडक्यानं त्याची काच पुसली आणि सुब्बाला म्हणाला, "हाही नको. अजून एखादा दाखवा." मद्रासच्या जॉर्ज टाउनमधला तो जिना इतका अरुंद होता की समोरून कुणी आलं तर एकानं भिंतीला चिकटून उभं राहावं. वर मात्र सुब्बाचं दुकान थंडगार होतं. खालच्या गल्लीत हातगाड्यांवरून कागदाचे गठ्ठे आणि पत्र्याचे डबे चालले होते, आणि वर काउंटरवर मखमलीचा तुकडा अंथरून सुब्बानं तीन कंपन्यांचे मिररलेस कॅमेरे मांडले होते. मकरंद नोकरीतून निवृत्त झाल्यापासून समुद्राचे, खाड्यांचे, दलदलीचे फोटो काढत हिंडायचा. जुना कॅमेरा आतल्या आरशासकट, त्याची भिंगं, वर तिपाई, असं सगळं बोचकं वाहून त्याच्या मनगटात कळ यायला लागली होती, म्हणून त्याला हा बिनआरशाचा हलका कॅमेरा हवा होता. तो निवडायला त्यानं इतके महिने लावले की तेवढ्यात एखाद्या मुलीचं लग्न ठरून बारसंसुद्धा झालं असतं, असं त्याची बायको कुमुदिनी म्हणायची. सेन्सर मोठा घ्यावा की लहान, खाऱ्या वाऱ्याला कोणती सांध टिकेल, कोपऱ्यातली गवताची काडी कोणत्या भिंगात स्पष्ट येते, हे सगळं त्यानं कोळून प्यालं होतं. पण त्याचा खरा डोळा होता तो भिंगाच्या बाकावर. समुद्राचे फोटो काढणाऱ्याला एकच रेघ सांभाळायची असते, आणि ती वाकली तर बाकी सगळं फुकट.

पहिल्या कॅमेऱ्याला रुंद भिंग होतं, तेव्हा त्यानं भिंगाला दोष दिला. दुसऱ्याला सुब्बानं लांब पल्ल्याचं भिंग लावलं. त्यातही कठडा खचला, तेव्हा त्यानं आतल्या इवल्या पडद्याला दोष दिला. आरशाच्या कॅमेऱ्यात खरं दृश्य दिसतं, ह्यात नुसतं त्याचं चित्र दिसतं, तेव्हा हे असं व्हायचंच, असं तो बरोबर आलेल्या आणि खिडकीशी स्टुलावर बसलेल्या मित्राला, जनकोजींना म्हणालासुद्धा. तिसरा कॅमेरा तर वेगळ्याच कंपनीचा. "सार, लेव्हल लावून बघा," असं म्हणून सुब्बानं हात लांब करून एक बटण दाबलं, आणि आतल्या चित्रावर आडवी रेघ उमटली. कॅमेरा तिरका झाला की ती पिवळी दिसायची, पातळीत आला की हिरवी. मकरंदनं कॅमेरा सावकाश पातळीत आणला. रेघ हिरवी झाली. आणि मधोमध, जिथं तो बघत होता तिथं, ती खाली झोळ घेऊन परत वर चढली होती. त्यानं नजर डावीकडे सरकवली. झोळही डावीकडे आला. त्यानं नजर उजवीकडे नेली, तर झोळ पाळलेल्या कुत्र्यासारखा मागोमाग उजवीकडे. मग त्यानं एक गोष्ट केली, जी सुब्बाला नीटशी कळली नाही. त्यानं भिंगावर टोपण चढवलं आणि कॅमेरा पुन्हा डोळ्याला लावला. आता आत गोदाम नव्हतं, कठडा नव्हता, भिंगातून काहीही येत नव्हतं. काळ्या अंधारात फक्त ती यंत्रानं आखलेली हिरवी रेघ होती, आणि ती वाकलेली होती. त्यानं कॅमेरा तसाच डोळ्याला धरून ठेवला, कारण काढला असता तर दोघांना त्याचं तोंड दिसलं असतं.

मद्रासजवळच्या आवडी गावातल्या संरक्षण कारखान्यात त्यानं आयुष्य तपासनीस म्हणून काढलं होतं. रणगाड्यांचे सुटे भाग त्याच्या टेबलावर यायचे आणि नापास झालेल्यावर तो लाल रंगाचा ठिपका द्यायचा. कामगार त्याला पाठीमागे 'सिवप्पु पोट्टु' म्हणायचे, लाल टिकली, आणि ते त्याला ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडत होतं. धारेला डोळा लावायचा, डावा मिटायचा, उजव्यानं बघायचं. केसाएवढा बाक असला तरी त्याला दिसायचा. फोटो काढायलाही तीच मोड पडली. डावा डोळा हा त्याच्या लेखी मिटण्यासाठीच होता. मशीनवरचा कुणी म्हणाला की सार, मशीन हलतंय, तर तो 'नाचता येईना अंगण वाकडं' एवढंच म्हणायचा आणि मग त्या तमिळ माणसाला त्या म्हणीचा अर्थ इतका समजावत बसायचा, की तो बिचारा मशीनचं गाऱ्हाणं विसरून जायचा. नव्या पोरांना तो पहिल्याच दिवशी एक नियम शिकवायचा: एका कारखान्याच्या मालात दोष दिसला तर माल खराब, पण तीन वेगवेगळ्या कारखान्यांच्या मालात एकच दोष दिसला तर मालाला हात लावू नका, आधी तुमचं मापाचं गेज तपासा. हा नियम त्याचा लाडका होता. आता तो त्या काळ्या अंधारात उभा राहून स्वतःचाच नियम ऐकत होता, आणि त्याला तो नियम ऐकायचा नव्हता. त्याला वाटत होतं, सुब्बानं चौथा कॅमेरा काढावा, पाचवा काढावा, जगात इतके कारखाने आहेत, कुणाचा तरी माल खरा निघेल.

"सार," सुब्बा तमिळमध्ये थोडं इंग्रजी कालवून हळू आवाजात म्हणाला, "रागावणार नसाल तर एक सांगतो. ते भिंग तुम्ही गेल्या पोंगलनंतर वाकडं म्हणून परत केलंत ना, ते मी तपासून घेतलं होतं. चांगलं होतं. दुसऱ्या गिऱ्हाइकानं नेलं, रोज वापरतो. तुम्ही जुने गिऱ्हाईक, म्हणून मी वाद घातला नाही." मकरंदनं कॅमेरा मखमलीवर ठेवला. ठेवताना तो अगदी कडेला ठेवला गेला आणि सुब्बानं न बोलता तो आत सरकवला. "मी कळवतो तुम्हाला," मकरंद म्हणाला. जुना कॅमेरा बदल्यात द्यायला आणला होता, ती पिशवी त्यानं पुन्हा खांद्याला अडकवली आणि जिन्याच्या तोंडाशी येऊन थांबला. जिन्याच्या पायऱ्या त्याला नेहमीसारख्याच दिसत होत्या, पण त्यानं कधी नव्हे तो कठडा धरला.

जनकोजी त्याच्या मागून उतरले आणि त्यांनी मैलापूरला जायला ऑटो ठरवली, कारण जनकोजींच्या मते कोणत्याही दुःखावर आधी कॉफी प्यायची असते आणि ती मैलापूर सोडून कुठं पिण्यात अर्थ नसतो. ते तंजावरकडचे. त्यांचे पूर्वज इकडे येऊन इतक्या पिढ्या झाल्या होत्या की त्यांची मराठी मकरंदला पहिल्यांदा ऐकताना जुन्या पोथीतून कुणी वर मान काढून बोलतंय असं वाटलं होतं. फोटोच्या एका क्लबात ओळख झाली आणि मग दोघं पहाटे जोडीनं पुलिकतला, मुट्टुकाडूला, पळ्ळिकरणैच्या दलदलीकडे जायला लागले. जनकोजी फोटो कमी काढायचे, इडल्या जास्त आणायचे. ऑटोत बसल्यावर वारा डोळ्यांत जात होता आणि मकरंदनं दोन्ही डोळे मिटून घेतले होते. मिटलेल्या डोळ्यांमागे सगळं सरळ होतं. देवळाच्या तळ्यापासच्या हॉटेलात बसल्यावर पितळी वाटीत कॉफी आली, तिचा वास आला, आणि त्याला वाटलं की हे एवढं तरी आपल्याकडून कुणी काढून घेणार नाही. लगेच त्याला स्वतःची दया आली आणि दयेचा रागही आला.

"जनकोजी, तुमच्या फोनवर माझे पुलिकतचे फोटो आहेत ना? दाखवा जरा." जनकोजींनी चष्मा कपाळावर सरकवला, फोन काढला, बोटानं चाळत चाळत तो फोटो काढला आणि फोन त्याच्या पुढ्यात धरला. सकाळचा राखाडी समुद्र, मधे एक होडी, वरती तेवढंच राखाडी आकाश. मकरंदनं हा फोटो संगणकावर किती वेळ घेऊन सरळ केला होता. होडीपाशी रेघ खचलेली दिसायची म्हणून तिथं ती उचलून घेतली होती, थोडी, मग अजून थोडी, जोवर ती त्याला सुतात वाटली नाही तोवर. क्लबातल्या प्रदर्शनातही हाच फोटो लागला होता. आता त्यानं आयुष्यात पहिल्यांदाच उजवा डोळा तळहातानं झाकला आणि डाव्यानं बघितलं. डाव्याला फार बघायची सवय नव्हती, जरा अंधुक होतं. पण होडीखाली समुद्र चक्क वर आला होता. पुरी फुगावी तसा फुगला होता, आणि होडी त्या फुगवट्यावर टेकून बसली होती.

"हा असाच दिसतो तुम्हाला? पहिल्यापासून?" त्यानं विचारलं.

"असाच की," जनकोजी म्हणाले. "आम्ही समदे पाहिलों. मला वाटलं, तुम्ही मुद्दाम केलांत म्हणून. नवीन कला म्हणतात तें. माझी बायको अन्नपूर्णा म्हणाली, समुद्र श्वास आंत ओढून थांबलाय, रोंब, फार छान आहे. मग मी कशाला विचारूं? मकरंदराव कधीं उगाच कांहीं करत नाहींत हें सगळ्यांना ठाऊक."

"मी सरळ केला होता तो."

जनकोजींच्या हातातली वाटी तिथंच राहिली. त्यांनी फोटोकडे बघितलं, मग मकरंदच्या झाकलेल्या डोळ्याकडे बघितलं, आणि त्यांना सगळं कळलं. तो माणूस थट्टेखोर होता पण मठ्ठ नव्हता. "अय्यो, देवा," ते म्हणाले आणि त्यांनी वाटी खाली ठेवली. शेजारच्या टेबलावर कुणी तरी संगीतसभेतल्या बाईच्या गळ्याविषयी तावातावानं बोलत होतं. "माझ्या मेव्हण्याला असंच जालं हुतं," जनकोजी शेवटी म्हणाले. "डोळ्यांत आंत सूई मारतात. भिऊं नक्को, कळत नाहीं म्हणे. जेवढं राहिलं तेवढं राखतां येतं. पण जेवढं गेलं तें..." आणि ते थांबले, कारण मकरंद भिंग परत केल्यापासूनचे महिने बोटांवर मोजतोय हे त्यांना दिसलं. "लवकर जा, एवढंच मी सांगतों. उद्यां जा. मी येऊं काय संगतीं?" मकरंद म्हणाला, "नको. बघतो." मग 'बघतो' हा शब्द दोघांच्याही कानात उगाच राहिला आणि जनकोजींनी घाईघाईनं बिल मागवलं.

त्याला हे दुखणं ठाऊक नव्हतं असं नव्हतं. गावी, म्हसवडला, शेवटच्या वर्षांत आईला माणसांच्या तोंडाच्या जागी ढग दिसायचा. ती बोलताना तोंडाकडे न बघता कानाकडे बघायची, कारण बाजूला बघितलं तर माणूस कडेकडेनं थोडा तरी दिसायचा. मकरंद सुटीत मद्रासहून एवढा प्रवास करून जायचा आणि ती त्याच्या कानाशी बोलायची. त्याला त्याचा राग यायचा. 'आई, इकडं बघ की,' तो म्हणायचा, आणि ती म्हणायची, 'बघतेच आहे की रे बाबा, इकडं बघितलं की तू नाहीसा होतोस.' तेव्हा त्याला ते म्हातारपणातलं बरळणं वाटलं होतं. म्हसवडच्या त्या रखरखीत माळावर वाढल्यामुळे त्यानं समुद्र पहिल्यांदा बघितला तो नोकरीच्या निमित्तानं इथं मद्रासला आल्यावर. तेव्हा त्याला लाटांचं वगैरे काही वाटलं नाही. त्याला वाटलं ते त्या रेघेचं. माळावर डोंगर आडवे यायचे, झाडं आडवी यायची, पण इथं या टोकापासून त्या टोकापर्यंत कुणीही आखलेली नसताना एक सुतासारखी रेघ होती. त्यानं आईला पत्रात लिहिलं होतं की इथं देवानं पट्टी लावून काम केलंय. शेवटच्या वर्षांत ते जुनं पत्र तिला कुणी पुन्हा वाचून दाखवलं असेल आणि ती कुणाच्या कानाकडे बघून हसली असेल, ते त्याला आता दिसलं.

मैलापूरहून घराकडे, वेलचेरीला जाणारी लोकल जवळजवळ रिकामी होती. उंच पुलावरून ती जाते तेव्हा खाली कालव्याचं काळं पाणी दिसतं, घरांच्या गच्च्या दिसतात, वाळत घातलेले कपडे दिसतात. मकरंद खिडकीशी बसून एकदा हा डोळा झाकत होता, एकदा तो. समोर बसलेल्या बाईनं एकदोनदा त्याच्याकडे बघितलं आणि जागा बदलली. उजव्यानं बघितलं की विजेचा खांब पोट आत घेऊन उभा राही, डाव्यानं बघितलं की ताठ. दोन्ही उघडे ठेवले की उजवा दांडगाईनं आपलंच खरं करी. किती गोष्टींना आपण बोल लावला, ह्याचा हिशेब त्याला आता आपोआप लागत गेला. आधी नवा चष्मा. दूरचं, जवळचं एकाच काचेत असलेला. चष्मेवालाच म्हणाला होता, सुरुवातीला रेघा जरा हलल्यासारख्या वाटतील. मकरंदनं त्या एका वाक्यावर कितीतरी महिने काढले. मग फोटोत मधोमध एक करडा डाग दिसायला लागला, तर कॅमेऱ्यातल्या सेन्सरवर धूळ आहे म्हणून तो साफ केला, पुन्हा पुन्हा साफ केला, आणि डाग प्रत्येक फोटोत नसतो, बघावं तिथं असतो, हे त्याला सुचलं नाही. मग भिंग. आणि मग घराचं दार. ते आठवल्यावर त्याचा हात डोळ्यावरच राहिला.

मागच्या पुरात वेलचेरीत पाणी चढलं होतं आणि खाली सगळ्यांच्या गाड्या बुडाल्या होत्या. वर त्यांच्या घरात पाणी आलं नाही, पण ओल आली. त्यानंतर काही दिवसांनी मकरंदला घराचं पुढचं दार कडीपाशी फुगलेलं दिसायला लागलं. त्यानं कारखान्यातून निरोपाच्या वेळी मिळालेली पोलादी पट्टी काढली. ती त्याची आयुष्यभराची पट्टी होती, निवृत्त होताना वरच्यांची परवानगी काढून मित्रांनी तीच त्याला दिली होती. दाराच्या धारेला ती लावली, डावा डोळा मिटला, आणि बघितलं तर पट्टीसुद्धा वाकलेली. आता तपासनिसाला ह्यावर एकच गोष्ट सुचायला हवी होती. पण त्यानं ठरवलं की घर बदलताना टेंपोत सामानाखाली दबून पट्टीला बाक आला असणार. त्यानं ती कपाटामागे टाकून दिली आणि सुतार बोलावला. सुतारानं दाराला हात लावला, ते उघडलं, मिटलं, आणि सार म्हणतील तसं करू अशा तोंडानं रंधा काढला. मकरंद शेजारी उभा राहून सांगत होता, अजून, अजून थोडं, इथं. फरशीवर पिवळ्या सालींचा ढीग पडला होता. कुमुदिनी स्वयंपाकघराच्या दारात पदर खोचून उभी होती, तिनं काही तरी बोलायला तोंड उघडलं होतं आणि मग ती झाडू आणायला गेली. हे त्याला आता अगदी स्पष्ट दिसत होतं. वेलचेरी आली तरी तो बसूनच राहिला. डबा रिकामा झाला आणि झाडणारी बाई त्याच्यापर्यंत आली, तेव्हा तो उठला.

शेअर ऑटोतून उतरून तो इमारतीत आला तेव्हा संध्याकाळ व्हायची होती. दारापाशी येऊन त्यानं बेल वाजवली नाही. उजवा डोळा झाकला आणि दाराकडे बघितलं. कडीच्या वर आणि खाली दार चौकटीला नीट भिडलं होतं, आणि बरोबर कडीपाशी, जिथं त्यानं रंधा मारून घेतला होता, तिथं फट होती. फटीत कुमुदिनीनं जुन्या साडीची घडी करून खोचली होती. किनार हिरवी होती. म्हणजे रोज दार लावताना ती ही घडी काढत असेल, परत खोचत असेल, आणि कडी बसायला दाराला कमरेचा धक्का देत असेल. त्यानं तो धक्का कितीदा ऐकला होता आणि ती दार आपटते म्हणून तिला बोललाही होता. त्यानं बेल वाजवली. आत धक्का ऐकू आला, घडी निघाली, दार उघडलं.

"आणला का?" कुमुदिनी म्हणाली. मग तिनं खांद्यावरची जुनी पिशवी बघितली. "नाही आणला. अहो, झालं तरी काय? चेहरा असा का?"

तो आत आला, पिशवी खाली ठेवली आणि चपला न काढताच बसला. "कुमुद, हे दार सरळ होतं ना?"

हातातली घडी तिनं उगाच अजून एकदा दुमडली. "होतं," ती म्हणाली.

"मग तू बोलली का नाहीस?"

"काय बोलू?" तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच त्याला जास्त लागलं. "मी काढलेली रांगोळी तुम्हाला वाकडी दिसायची, दोरीवरचे कपडे वाकडे दिसायचे, माझी पोळी गोल नसायची. आणि बघायला गेलं की ती वाकडीच असायची हो, तुमचंच खरं निघायचं. मग माझं मीच सोडून दिलं बघणं. तुम्ही दार वाकडं म्हणालात, मी म्हटलं असेल. नंतर फट पडली तेव्हा कळलं. तोवर रंधा मारून झाला होता." तिनं घडी खाली ठेवली. "का विचारताय?"

त्यानं सांगितलं. फार शब्द लागले नाहीत. सांगताना त्याचा आवाज ठीक राहिला, फक्त 'आईसारखं' हा शब्द आला तेव्हा तो वाकून चपला काढायला लागला. कुमुदिनी त्याच्या शेजारी बसली. तिनं सासूचे ते दिवस बघितले होते, तिच्या ताटात कुठं काय वाढलंय ते सांगत भरवलं होतं, त्यामुळे तिला समजवावं लागलं नाही. तिनं त्याचा हात धरला नाही, तशी त्यांच्यात रीत नव्हती. पण तिचा खांदा त्याच्या खांद्याला लागला आणि तिनं तो काढला नाही. "उद्या सकाळी पहिल्यांदा डोळ्यांच्या दवाखान्यात जायचं," ती म्हणाली. "अनन्याला मी फोन करते. पोरगी आली तर येईल, नाही तर आपण दोघं जाऊ." तो 'हो' म्हणाला. मग तो तिच्याकडे वळला. उजव्या डोळ्यानं तिच्या ओठांकडे बघितलं तर ते एका बाजूला ओढले गेले होते, जणू ती त्याची टर उडवत होती. त्यानं तो डोळा झाकला तर ती रडत होती. हे त्याला एरवी कळलंच नसतं, आणि ह्या कळण्यानं तो मनातून फार घाबरला.

"ती माझी पट्टी कपाटामागे होती," तो म्हणाला, काही तरी म्हणायला हवं म्हणून.

"कपाटामागे कशाला राहील? चांगली पोलादाची वस्तू." कुमुदिनी डोळे पुसत उठली आणि आतून पट्टी घेऊन आली. ती तिनं कापडात गुंडाळून गादीखाली ठेवली होती. तिला थोडं तेलही लावलेलं होतं. मकरंदनं ती हातात घेतली आणि ती थंडगार, जड, ओळखीची पट्टी हातात आल्याबरोबर त्याला एकदम रडावंसं वाटलं, जे मघापासून वाटलं नव्हतं. समोर भिंतीवर पुलिकतचा तो समुद्र चौकटीत टांगलेला होता. प्रदर्शनानंतर त्यानंच तो हौसेनं टांगला होता, आणि कुमुदिनी रोज त्याची काच पुसत होती. तो उठून भिंतीपाशी गेला. उजवा डोळा झाकून त्यानं पट्टी फोटोतल्या क्षितिजावर आडवी टेकवली, जशी कारखान्यात टेकवायचा तशी. ती मधे होडीखाली टेकली आणि दोन्ही टोकांना समुद्र तिच्यापासून सुटून खाली गेला. नापास. एखाद्या शिकाऊ पोरानंही लाल ठिपका दिला असता.

"काढून ठेवू का तो फोटो?" कुमुदिनीनं मागून विचारलं.

पट्टी तशीच धरून त्यानं झाकलेला डोळा उघडला आणि, आयुष्यभराच्या सवयीनं, डावा मिटला. मधे तो करडा डाग होता, पूर्वीपेक्षा जरा मोठा. होडी त्याच्यात अर्धी बुडाली होती. पण होडीच्या अलीकडेपलीकडे समुद्र या टोकापासून त्या टोकापर्यंत सुतासारखा सरळ होता, आणि त्याच्या हातातली पोलादी पट्टी वाकली होती. "राहू दे," तो म्हणाला. "आजच्या दिवस राहू दे." आणि डावा डोळा घट्ट मिटून तो तसाच बघत राहिला.